तिसरा तास

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात
लुईस्टनमधली निम्मी मुलं माझ्या दाराबाहेर ओळीत उभी असतात.
बुटांवरचा बर्फ वितळून जाजमावर डाग पडतो,
हातात प्रत्येकाच्या गुलाबी फॉर्म:
विषय सोडणे. विषय घेणे. कारण.
कारणासाठी एकच ओळ, तीही अर्धी.

सव्वीस वर्षं वाचतेय ती अर्धी ओळ.
मुलं ताकाला येतात आणि भांडं लपवतात.
"रसायनशास्त्र झेपत नाही" म्हणजे
प्रयोगातली जोडीदारीण आता बोलत नाही.
"सकाळचा पहिला तास नको" म्हणजे
पहाटे चारपासून बेकरीत पीठ मळून येते ही.
मी विचारत नाही.
कधीकधी विचारते.

ऑरेल पेलेटिए, अकरावी. आजोबांचंच नाव लावलेला.
सोडणे: फ्रेंच. घेणे: सुतारकाम.
कारण: कोरं.

"चांगले मार्क आहेत की तुला फ्रेंचमध्ये," मी म्हटलं.
"वर्गातलं फ्रेंच वेगळं असतं," तो म्हणाला.
टोपी काढली. परत घातली.
"घरचं बोलायला एकच माणूस होता, तो नाताळच्या आधी गेला.
आता बाई विचारतात, सुट्टीत काय काय केलंस,
आणि भूतकाळात उत्तर द्यायचं असतं."

मी पडद्याकडे वळले. तिथे वळता येतं, हे बरं आहे.
सुतारकाम पाचव्या तासाला, तिथे याचं गणित.
गणित उचललं तर ते जातं पहिल्यात,
पहिल्यातला इतिहास येतो तिसऱ्यात, फ्रेंचच्या जागी,
आणि जेवण पहिल्या पंगतीतून दुसऱ्या पंगतीत.
"तुझे मित्र पहिल्या पंगतीत असतात ना?"
"चालेल."
"गणिताचे सर बदलतील."
"चालेल."
एका म्हाताऱ्याचं जाणं
सगळ्या खणांतून सरकत सरकत चाललं होतं
आणि मी माउसनं त्याला वाट करून देत होते.

माझी आई याच गावातली, गिरणीमागच्या शाळेतली.
मैदानात फ्रेंच बोलली म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.
मला तिनं ते दिलंच नाही.
तीन शिव्या दिल्या, आणि एका अंगाईची पहिली ओळ.
आता तीच भाषा तिसऱ्या तासाला:
जागा अठ्ठावीस, प्रतीक्षायादी वेगळी.
हे त्याला सांगावं असं वाटलं.
घंटा झाली. मी सही केली.

कळ दाबल्यावर यंत्र थोडं घुटमळलं
आणि रिकाम्या खणात नाव आलं, इफ्राह वरसमे.
सप्टेंबरपासून दर सोमवारी दारात डोकावायची:
"कुणी सोडलं का?"
आई जिबुतीत वाढलेली, फोनवर मावशांशी फ्रेंचमध्ये भांडते,
आणि हिला भांडणातली निम्मीच बाजू कळते.
चिठ्ठी पाठवली तर जिना चढून धापा टाकत आली.
"कोणी सोडलं?"
सांगता येत नाही, नियम आहे.
"मग माझ्याकडून थँक्यू सांगा."
तेही सांगता येत नाही.

गुरुवारी सुतारकामाचे हॉबर्ट सर कॉफी घ्यायला आले.
म्हणाले, नवा पोरगा बरा आहे,
हात सावकाश, पण फळी वाया घालवत नाही.
मोजताना मात्र काहीतरी पुटपुटतो स्वतःशीच,
आपले आकडे नाहीत ते.
मी कॉफीत दोन चमचे साखर घातली.
मी साखर घेत नाही.

आज शुक्रवार. पाचला खिडकी बंद.
ओळीतला शेवटचा मुलगा, उंच, ओठ फुटलेले.
सोडणे: पोहणे. घेणे: काहीही.
कारण: केस ओले राहतात, बाहेर उणे अठरा.
या आठवड्यातलं हे पहिलं कारण
जे त्या अर्ध्या ओळीत मावलं.
बस, म्हटलं त्याला, बघूया काय रिकामं आहे.